राखेतलं बी

मुलगी चौथीत असताना तिनं वहीत भुईमुगाचं झाड काढलं. चांगलं उंच, आणि फांद्यांना कैऱ्यांसारख्या लटकलेल्या शेंगा. बायकोनं बघितलं आणि "छान रंगवलंय" म्हणाली. ती सोलापूर शहरात वाढलेली. शेंगाची चटणी जन्मभर खाल्ली, पण शेंगा मातीखाली लागतात हे तिनं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी हसलो, तशा दोघी माझ्यावर उलटल्या.

"हसू नका, दाखवा," बायको म्हणाली. "शेतकऱ्याच्या घरचे ना तुम्ही?"

तिथून आमचे रविवार सुरू झाले. महिन्यातून एकदा जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधून सकाळी डबा घेऊन निघायचं आणि कुणाचं तरी शेत बघून संध्याकाळी परतायचं. चिंचोळीच्या एमआयडीसीत मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. तिथल्या निम्म्या कामगारांची गावाकडं शेतं आहेत, त्यामुळं ओळखीला तोटा नव्हता. मुलीनं भुईमुगाचा वेल उपटला आणि मुळाशी लोंबणाऱ्या शेंगा बघून आईकडं असं पाहिलं, जणू आईनंच त्या इतकी वर्षं लपवल्या होत्या. म्हशीची धार काढायला बसली आणि शेणानं माखलेल्या शेपटीचा फटका खाऊन उठली. गुऱ्हाळात काकवी पिऊन तिचं पोट बिघडलं. तरी पुढच्या रविवारी तयार.

तिचा एक प्रश्न ठरलेला असे. जिथं जाईल तिथं ती विचारायची, "काका, याचं बी कुठून आणता?"

सांगोल्याच्या डाळिंबवाल्यानं तिला फांदीची साल काढून, तिथं ओलं शेवाळ बांधून मुळं कशी फुटवतात ते दाखवलं. "हितं बी लागतंय कुटं? फांदीलाच मुळं फोडायची."

"आणि ज्वारीचं?"

"ते तुज्या बापाला इचार की. त्यो त्यातलाच हाय."

बाप गाडीत काहीतरी शोधायला गेला.

आमचं शेत अक्कलकोटच्या बाजूला आहे, घरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. थोरला भाऊ आणि वहिनी ते करतात. दिवाळीला आणि उन्हाळ्यात आम्ही जायचो. पण पौषाच्या आगेमागे, रानात ज्वारी उभी असते आणि आगटीवर हुरडा भाजतात, त्या दिवसांत मी पाच वर्षं गेलो नव्हतो. कधी स्टॉक मोजायचा असे, कधी ऑडिट, कधी पाठ धरलेली. परक्यांची शेतं मुलीला दाखवत हिंडणारा मी स्वतःच्या रानाकडं मात्र पाठ फिरवून होतो. त्याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते सांगायलाच हे लिहितोय.

आमच्या घरात हुरड्याची एक जुनी ज्वारी होती. दुकानात मिळणारी नव्हे. आईकडून वहिनींकडं आलेली, आईकडं तिच्या सासूकडून. तिला आम्ही "घरची" एवढंच म्हणायचो. दाणा गोड, आणि भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की हिरवे दाणे भुशीतून आपोआप सुटायचे. काढणीआधी वहिनी त्या तुकड्यातून एकट्या फिरायच्या आणि बियाण्याची कणसं निवडून त्यांना चिंधी बांधायच्या. मग ती वेगळी बडवून, गोवरीच्या राखेत घोळून, कापडी पिशवीत ठेवायच्या. निम्म्या गावातल्या बायका पेरणीच्या वेळी त्यांच्याकडं ओंजळभर बी मागायला यायच्या, स्वतः कुणी राखून ठेवत नसे. वहिनी शाळेत गेल्या नव्हत्या, चारचौघांत फार बोलायच्याही नाहीत. गावात त्यांना मान होता तो त्या पिशवीमुळं.

लॉकडाऊन लागायच्या जरा आधी भावानं घराचं जुनं धाब्याचं छत उतरवलं, स्लॅब टाकायला. घर उघडं पडलं, उंदरांचा सुळसुळाट झाला. वहिनींनी ती पिशवी माझ्याकडं दिली. "भाऊजी, स्लॅब पडंपत्तूर ठेवा. पोरीगत संभाळा." मी ती फ्लॅटच्या माळ्यावर ठेवली. आणि सगळंच बंद पडलं.

एप्रिलमध्ये घरातली ज्वारी संपली. दुकानदार म्हणाला, माल आला की कळवतो. मला इथं खोटं लिहायचं नाही, म्हणून सांगतो: घरात तांदूळ होता, गव्हाचं पीठ होतं, तूरडाळ होती. उपाशी कुणी नव्हतं. पण भाकरी खाऊन दोन आठवडे झाले होते, आणि भाकरीशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. भूक नव्हती, चव हवी होती. एका दुपारी दोघी झोपलेल्या असताना मी स्टूल घेतलं आणि पिशवी खाली काढली. बाल्कनीत बसून चाळणीनं राख चाळली आणि ती गुलाबाच्या कुंडीत टाकली. बायकोला सांगितलं, वहिनींनी खायला दिली होती, विसरलोच होतो.

गिरणी सकाळी दोन तास उघडी असे. पहिल्यांदा किलोभरच दळून आणली. बाकीची ठेवू, असं मनात होतं. पण ती भाकरी! बायको म्हणाली, "अहो, ही ज्वारी कसली? नुसतीच गोड लागतेय." मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिनं कालवणाशिवाय अख्खी भाकरी खाल्ली. तीन आठवड्यांत पिशवी रिकामी झाली.

आमच्याकडं एखाद्या माणसाला लावायचं अगदी शेवटचं दूषण म्हणजे "बी खाल्लेला". दुष्काळात माणसं पाला उकडून खायची, पण बियाण्याला हात लावायची नाहीत, असं आई सांगायची. मी पाला खाल्ला नव्हता. मी अंघोळ करून, पंख्याखाली बसून, ठेच्याबरोबर बी खाल्लं.

भाद्रपदात भावाचा फोन आला. "बी घिऊन ये. पेरणीची येळ झाली."

त्याच वेळी सांगायचं होतं. चार शिव्या पडल्या असत्या आणि विषय संपला असता. मी काय केलं? किराणा दुकानात जाऊन तसल्याच पांढऱ्या दाण्याची ज्वारी घेतली. पण राख? फ्लॅटमध्ये राख कुठली. कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री फिरवायचा, त्याच्याकडं मागितली.

"कशाला सायेब?"

"भांडी घासायला."

"आता राखेनं कोण भांडी घासतंय?" तो हसला, पण डबाभर दिली.

गावी वहिनींनी पिशवी सोडली, चिमूटभर राख बोटांत घेऊन चोळली आणि माझ्याकडं पाहिलं. त्या भावाकडं वळून म्हणाल्या, "बगा! राख बदलली भाऊजींनी. शेरात ऱ्हाऊन किडीचं ध्यान ठिवलं. शिका जरा."

मी चहा पिऊन निघालो.

जानेवारीत भावाचा फोन. कणसं आली होती, पण हुरडा नव्हता. दाणा भुशीतून सुटेना, चावला की चोथा. आलेल्या पाहुण्यांपैकी एकजण सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वैनी, ह्यो हुरडा हाय का वैरण?" छत उतरवायच्या गडबडीत निवड चुकली, माझ्याच हातनं बी गेलं, असं वहिनींनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मी फोनवर म्हणालो, "होतं असं कधी कधी."

बी खाल्लं त्याची मला लाज वाटते. पण रात्रंदिवस टोचले ते हे चार शब्द.

नंतर वहिनींनी बी ठेवणंच सोडलं. भाऊ दुकानातून पाकीट आणू लागला. बायका मागायला यायच्या थांबल्या. दिवाळीला आम्ही गेलो की मी वहिनींच्या पाया पडायचो आणि त्या म्हणायच्या, "औक्षवंत व्हा." मी वर बघत नसे.

गेल्या वर्षी मुलीला शाळेत प्रकल्प मिळाला: आपल्या ताटातल्या एका पदार्थाचा उगम. तिनं भाकरी निवडली. वेळ अमावस्या जवळ आली होती. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी आमच्या भागात गावंच्या गावं रिकामी होतात, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पुजतात, आणि आंबील, भज्जी, उंडे असं जेवण. वाटेनं जाणाऱ्या अनोळख्यालाही हाक मारून बसवतात. त्या दिवशी कुणाला आमंत्रण लागत नाही आणि कुणाला उपाशी परत पाठवत नाहीत.

"यंदा जायचंच," बायको म्हणाली. "ऑडिट-बिडिट काही सांगू नका. तारीख बघितलीय मी, रविवार आहे."

गेलो. जेवणं झाली. कोपीच्या सावलीत मुलगी वही घेऊन वहिनींपुढं बसली, मी जरा पलीकडं आडवा झालो होतो. भाऊ सुपारी कातरत होता.

"मोठी आई, ज्वारीचं बी कुठून येतं?"

"दुकानातनं, बाळ."

"आणि दुकान नव्हतं तेव्हा?"

"तवा घरातच असायचं. माज्याकडं लई चांगलं बी हुतं. तुज्या आजीनं दिल्यालं. माज्या हातनं ग्येलं ते."

"कसं गेलं?"

"निवड चुकली माजी. धांदल झाली. बी बिघडलं."

मुलगी लिहीत होती. मला तिचं अक्षर दिसत होतं, मोठं आणि वळणदार: *हे बी फार जुने होते. माझ्या मोठ्या आईच्या चुकीमुळे ते नष्ट झाले.* खाली तिनं पट्टीनं रेघ मारली.

ती रेघ मारताना मी उठून बसलो.

"ते खोड," मी म्हणालो.

"का? मोठी आई म्हणाली तेच लिहिलंय."

"चूक आहे ते."

"मग काय लिहू?"

मी म्हणालो, "लिही. बी बाबांनी खाल्लं."

वहिनी हसल्या. "काय बी सांगत्यात लेकराला!" भाऊही हसला. मुलगी पेन उचलून माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं की मी चेष्टा करत नाही. मग एकेकाला कळलं.

मी सगळं सांगितलं. माळा, चाळणी, गिरणी, किराणा दुकान, इस्त्रीवाला. आवाज सपाट येत होता, स्टोअरमधला माल वाचून दाखवावा तसा. भाऊ मध्येच उठला, अडकित्ता तिथंच टाकून बैलांकडं गेला. बायको म्हणाली, "म्हणजे त्या भाकऱ्या? मी थापल्या त्या? अहो, मी जाऊबाईंना फोन करून चांगली ज्वारी दिलीत म्हणून सांगणार होते, तुम्हीच नको म्हणालात. म्हणून?" मी मान डोलावली. तिनं तोंड फिरवलं.

वहिनी रडतील, नाहीतर शिव्या देतील, असं मला वाटलं होतं. त्या तर भुवया आवळून काहीतरी जुळवत होत्या.

"भाऊजी, पिशवी तुमी नेल्यावर बदलली न्हवं?"

"हो."

"माज्याकडं हुती तवा खरं बीच हुतं त्यात?"

"हो वहिनी. तुमची निवड बरोबरच होती."

"आन् त्याच्या आदी माघात अक्काला दिल्यालं?"

अक्का म्हणजे सीमेपलीकडची एक बाई. घरात कन्नड बोलणारी, स्वतःचा कोरडवाहू तुकडा असलेली. दरवर्षी आमच्याकडं ज्वारी काढायला यायची. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून वहिनी तिला तशी हाक मारायच्या. त्या वर्षी काढणी झाल्यावर वहिनींनी निवडलेल्या कणसांतली चार-सहा तिच्या ओटीत घातली होती. पुढं आपलं बी बिघडलं असं वाटल्यावर त्यांना लाज वाटली, की आपण बिचारीला खराब बी दिलं. त्यांनी एका माणसाकडून निरोप धाडला, ते बी ठिवू नको, बिघडल्यालं हाय. त्यानंतर अक्का कधी आमच्याकडं आली नाही. खराब बी दिलं म्हणून रागावली, असं वहिनींनी समजून घेतलं.

आता त्या ताडकन उभ्या राहिल्या. "म्हंजी तिच्याकडं खरं बी ग्येलं हुतं! आन् मीच तिला सांगितलं टाकून दे म्हून!" मग माझ्याकडं वळल्या, आणि आवाज चढला. "पाच वर्सं, भाऊजी! पाच वर्सं मी रानात पाय टाकला की वाटायचं, सासूबाई बगत्यात वरनं. एक शबुद सांगितला असता तर? काय खाल्लं असतं मी तुमाला?"

मी वहीतल्या त्या रेघेकडं बघत होतो.

"बसलाय काय असं? गाडी काढा."

भाऊ आला नाही. वहिनी पुढं बसल्या, दोघी मागं. अक्कलकोट मागं पडलं, पाट्यांवरची अक्षरं बदलली. वाटेत दर शेतात कोपी होत्या, माणसं हात करून बोलावत होती, "या की जेवायला!" वहिनींची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. मी मनात धरून चाललो होतो की तिनं निरोप ऐकला असेल, बी कोंबड्यांना घातलं असेल, आणि मग या सगळ्याचा शेवट माझ्यापाशीच होईल. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, हळू." मला वेगाचं भानच नव्हतं.

अक्काचं शेत विचारत विचारत सापडलं. ती कोपीपुढं आंबिलीचं गाडगं घेऊन बसली होती. वहिनींना बघून उठली नाही.

"बर्री, कूडरी," म्हणाली. या, बसा. मग मराठीत, "आज आल्याला उपाशी लावत न्हाईत, म्हणून बसा."

वहिनी बसल्या. आंबील घेतली. दोघी पाच मिनिटं पाऊसपाण्यावर बोलल्या. माझा जीव चालला होता. शेवटी वहिनींनी विचारलं, "अक्का, त्या सालचं बी टाकलंस का गं?"

अक्काचा चेहरा तापला. "का टाकू? चांगला हुरडा आला माझा. आणि तुझा निरोप येतो, बिघडलंय, ठेवू नको. मी काय येडी हाय? मला वाटलं, दिलं आणि बाईचा जीव जळला. दुसऱ्याच्या रानात बघवंना तिला. त्या दिवशीच म्हटलं, हिच्या दारात पाय न्हाई ठेवायचा."

वहिनींनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी खाल्लं गं माझं. ह्यांनी खाल्लं आन् म्या सोत्ताला खाल्लं."

मला तिथं दुसऱ्यांदा सगळं सांगावं लागलं. भाकरी-ठेच्यापर्यंत आलो आणि अक्का हसायला लागली, पदर तोंडाला लावून. "पंख्याखाली बसून?" असं तिनं दोनदा विचारलं. तिचा नवराही येऊन ऐकून गेला.

मग तिनं शेणकुटांच्या आगटीत चार कणसं खुपसली. वहिनींनी एक गरम कणीस तळहातांत घेतलं, चोळलं, फुंकर मारली. भुशी उडाली. तळहातावर हिरवे दाणे उरले, एकाला एक न चिकटलेले. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटले. माझी मुलगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, बायकोही, मीही.

"घरचीच हाय," वहिनी म्हणाल्या.

मी कोपीच्या मागं गेलो आणि खाली बसलो. खूप वेळ उचलून धरलेलं पोतं खाली टाकल्यावर हात आपोआप वर येतात, तसं काहीतरी छातीत होत होतं. मागून बायको आली. ती अजून रागावलेली होती. तिनं ओंजळभर हुरडा माझ्या हातात ओतला. "हा खायचा असतो," म्हणाली, "हा खाल्लेला चालतो."

फाल्गुनात मी रजा काढून अक्काच्या रानात काढणीला गेलो. वहिनींनी चिंधी बांधून ठेवलेलीच कणसं घ्यायची होती, आणि मी दुसऱ्या कुठल्या कणसाला हात लावला की अक्काचा नवरा लांबून खोकायचा. भाऊ दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग पाडव्याला त्यानं फोन करून उसाच्या खताबद्दल वीस मिनिटं गप्पा मारल्या. आमच्यात त्याचा अर्थ होतो.

वहिनी आता बी फक्त आपल्याच घरी ठेवत नाहीत. पेरणीआधी बायका पुन्हा त्यांच्याकडं येऊ लागल्यात. प्रत्येकीला ओंजळभर देताना त्या अट घालतात, की हंगामानंतर तिनंही आणखी दोन घरी द्यायचं. का, असं कुणी विचारलं की सगळी कथा ऐकवतात, एकही तपशील न गाळता, इस्त्रीवाल्यासकट. मला वाटलं होतं, हे गावभर झालं तर मला तिथं तोंड दाखवता यायचं नाही.

यंदा येळवसाला आम्ही सकाळीच पोहोचलो. बांधावरून जाणाऱ्या एका म्हातारीनं मला बघितलं, थांबली, आणि काखेतली पिशवी पदराखाली घेतली.

"सोलापूरचं पाव्हणं आलं गं!" तिनं रानभर ऐकू जाईल अशी हाळी दिली. "बी झाका!"

चारी रानांतून हसू उठलं. भाऊ हसला, वहिनी हसल्या, माझी मुलगी तर बांधावर बसूनच हसत होती. मीही हसलो, आणि चप्पल काढून रानात शिरलो.